साधनांची साक्ष आणि तिची पारख

पदवीच्या अथवा पदव्युत्तर परीक्षेसाठी एखादा लहानसा प्रबंध लिहावयास घेणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्वी अडचण पडे ती साधने मिळण्याची. आज ती मिळालेल्या साधनांतून निवड करण्याची पडते. ग्रंथालयातील कपाटे, जुन्या मासिकांचे बांधीव अंक, पुराभिलेखागारातील दफ्तरे, घरबसल्या संगणकावर उघडणारी दुर्मिळ ग्रंथांची पाने, आणि यांखेरीज मोबाईलवर अहोरात्र फिरणारा निनावी मजकूर, हे सारे एकाच वेळी त्याच्या पुढ्यात येऊन पडते. आणि प्रत्येक जण सारख्याच ठाम स्वरात बोलत असल्यामुळे कोणाचे ऐकावे व कोणाचे नाकारावे याचा उलगडा त्याला होत नाही. अशा वेळी तो शिक्षकांकडे जातो आणि विचारतो, “सर, हे पुस्तक विश्वसनीय आहे ना?” प्रश्न प्रामाणिक असतो, परंतु तो ज्या रीतीने विचारला जातो त्या रीतीने त्याचे उत्तर देता येत नाही. न्यायासनासमोर उभा राहणारा साक्षीदार जसा स्वतःच्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीपुरता ग्राह्य आणि ऐकीव गोष्टीपुरता अग्राह्य ठरतो, तसेच साधनाचे आहे. एकच कागद एका विधानापुरता पूर्ण भरवशाचा आणि दुसऱ्या विधानापुरता सर्वस्वी निरुपयोगी असू शकतो. म्हणून पारख करावयाची ती एकेका विधानाची, आणि प्रत्येक वेळी नव्याने.

या लेखातील बहुतेक उदाहरणे मी मराठ्यांच्या इतिहासातून घेणार आहे. साधनांची चिकित्सा कशी करावी याचा विचार आपल्या भाषेत जितक्या कसोशीने या एका विषयात झाला तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत पानिपतच्या काळातील अस्सल पत्रांच्या आधारे बखरींतील स्थलकालांचे प्रमाद उघडे करून दाखवले. पुढे १९२८ साली वा. सी. बेंद्रे यांनी ‘साधन-चिकित्सा’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला, आणि ग. ह. खरे यांनी ‘संशोधकाचा मित्र’ या नावाने नवख्या अभ्यासकाच्या हाती देण्याजोगे पुस्तक तयार केले. अर्थशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्याने हा आपला प्रांत नव्हे असे समजू नये. पीकपाहणीच्या आकड्यांना जे प्रश्न विचारावयाचे तेच बखरीला विचारावयाचे असतात.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा प्रश्न घेऊ. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत बखरींच्या आणि परंपरेच्या आधारे शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेस, म्हणजे इसवी सन १६२७ च्या एप्रिल महिन्यात, महाराजांचा जन्म झाला असे सर्वत्र मानले जात असे. मग भोर संस्थानातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली व १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे ती प्रसिद्ध झाली. तीत जन्माची नोंद होती ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, अशी. दोन वर्षांहून अधिक अंतर असलेल्या या दोन तिथींपैकी कोणती स्वीकारावी हा वाद कितीतरी वर्षे चालला, आणि त्या वादात ज्या क्रमाने पुरावे येत गेले तो क्रम विद्यार्थ्याने डोळसपणे पाहावा असा आहे.

केवळ शकावली नवी सापडली म्हणून ती खरी, असे म्हणण्याला काहीच आधार नव्हता. उपलब्ध प्रत ही नक्कल होती, आणि तीतल्या काही नोंदी अन्य साधनांशी जुळत नव्हत्या. तरीही तिच्यात एक गुण असा होता की तिने तिथी दिली, वार दिला आणि नक्षत्रही दिले. आणि ज्या नोंदीत इतका तपशील असतो ती नोंद पंचांगाच्या गणिताने तपासता येते. शके १५५१ मध्ये घाईने ७८ मिळवणारा विद्यार्थी १६२९ या उत्तराशी थांबेल, पण फाल्गुन हा शकवर्षाचा अखेरचा महिना असल्यामुळे तो पुढील इसवी सनात पडतो आणि तेथे ७९ मिळवावे लागतात. अशा रीतीने येणारी तारीख १९ फेब्रुवारी १६३०, आणि त्या दिवशी वार खरोखरच शुक्रवार येतो. बनावट किंवा केवळ स्मरणाने लिहिलेल्या नोंदीत तिथी आणि वार यांचा मेळ बसेलच असे नाही. येथे तो बसला. एवढ्याने नोंद सिद्ध झाली असे होत नाही, परंतु ती फेटाळण्याचा एक मार्ग बंद झाला.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कवींद्र परमानंदाने महाराजांच्या हयातीत रचलेले ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावरास सापडले आणि स. म. दिवेकरांनी ते १९२७ साली प्रसिद्ध केले. त्यातही शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचीच तिथी निघाली. तिकडे राजपुतान्यात जोधपूर येथील एका ज्योतिष्याच्या कुंडलीसंग्रहात शिवाजीराजांची कुंडली आढळली, व तिनेही याच पक्षाला बळकटी दिली. मावळातील देशमुखाच्या घरची टिपणे, दक्षिणेत कावेरीच्या तीरी जतन झालेले काव्य आणि मारवाडातल्या ज्योतिष्याचा संग्रह ही तीन साधने एकमेकांपासून शेकडो कोस दूर, वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेली. यांपैकी कोणी कोणाची नक्कल केली असण्याचा संभव फार थोडा. ती एकाच शकाकडे बोट दाखवतात तेव्हा त्या मिळून दिलेल्या साक्षीचे वजन एकट्या शकावलीच्या कितीतरी पट होते. आज महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारलेली आहे; पण विद्यार्थ्याने प्रबंधात केवळ “शासनमान्य तारीख” एवढा दाखला देऊन समाधान मानू नये, कारण शासनाचा निर्णय हा या पुराव्यांचा परिणाम आहे, तो स्वतः पुरावा नव्हे.

याच शिवभारताकडे आणखी एका दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते राजस्तुतिपर महाकाव्य आहे. त्याचा नायक ईश्वरी अवतार म्हणून वर्णिलेला आहे आणि देवदेवतांचे संवाद त्यात यथेच्छ आहेत. एखादा विद्यार्थी म्हणेल की असल्या काव्याला साधन तरी कसे म्हणावे? दुसरा म्हणेल की कवी समकालीन होता, तेव्हा त्याचे सगळेच घ्यावे. दोघांचीही चूक सारखीच. राजाच्या आश्रयाला असलेल्या कवीला राजाची जन्मतिथी ठाऊक असण्याची संधी पूर्ण होती आणि ती खोटी सांगण्याचे कारण काहीच नव्हते. म्हणून तेवढ्यापुरता तो उत्तम साक्षीदार. शत्रूच्या सैन्याची संख्या किंवा शत्रूच्या मनातील विचार सांगताना मात्र त्याला जाणण्याची संधी अल्प आणि अतिशयोक्तीचा मोह मोठा. तेथे त्याचे वजन उतरते. जाणण्याची संधी किती आणि खोटे बोलण्याचे कारण किती, हे दोन प्रश्न प्रत्येक विधानापुढे ठेवण्याची सवय जडली की पुष्कळसा गोंधळ आपोआप निवळतो.

काळाचे अंतर हा तिसरा प्रश्न. बखर म्हटली की ती सारखीच, असा एक समज विद्यार्थ्यांत रूढ आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली ती शिवछत्रपतींच्या निधनानंतर विसाहून कमी वर्षांत, आणि लिहिणारा स्वतः त्या दरबारात वावरलेला. मल्हार रामराव चिटणीसाने आपली बखर लिहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. सभासदाच्या बखरीतही घटनांचा क्रम ढिला आहे आणि तारखा जवळजवळ नाहीतच, हे खरे. परंतु गडांची व्यवस्था, अधिकाऱ्यांची रचना, राज्यकारभाराचा रिवाज यांविषयी तो जे सांगतो ते त्याच्या नित्य परिचयातील असल्यामुळे मोलाचे आहे. चिटणीसाजवळ घरातले जुने कागद असतील हे मान्य करूनही त्याच्या कथनात पुढच्या चार पिढ्यांची समजूत मिसळलेली असणारच. म्हणून त्याची बखर टाकून द्यावी असे मी मुळीच म्हणणार नाही. उत्तर पेशवाईत शिवकालाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते हा विषय घेतला, तर हीच बखर पहिल्या प्रतीचे साधन होते.

प्रत्यक्षदर्शी म्हटला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या संग्रामाचा वृत्तांत लिहिणारा काशीराज पंडित त्या वेळी तेथे होता आणि उभय पक्षांतील वाटाघाटींत त्याचा हात होता. त्याच्या कथनाशिवाय त्या युद्धाचा इतिहास लिहिता येत नाही. परंतु तो शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे त्याने जे पाहिले ते अब्दालीच्या बाजूच्या गोटातून पाहिले, आणि लिहिले ते सुमारे वीस वर्षांनी. तेव्हा शुजाच्या डेऱ्यात काय बोलणे झाले याविषयी त्याची साक्ष प्रथम घ्यावी; भाऊसाहेबांच्या छावणीत त्या वेळी काय घडले याविषयी मात्र मराठ्यांच्या बाजूची त्या सुमाराची पत्रे शोधावीत, आणि ती काशीराजाच्या विरुद्ध गेली तर पत्रांकडे झुकावे.

परकीयांच्या कागदांविषयी विद्यार्थ्यांच्या मनात दोन टोकांचे पूर्वग्रह असतात. काहींना इंग्रजांच्या वखारीतला कागद म्हणजे निःपक्षपाताचा अर्क वाटतो. काहींना तो परक्याचा म्हणूनच त्याज्य वाटतो. वखारीतल्या व्यापाऱ्यांनी सुरतेच्या लुटीविषयी जे लिहिले ते त्यांनी स्वतः अनुभवले होते, आणि आपल्या वरिष्ठांना नफानुकसानीचा हिशोब द्यावयाचा असल्यामुळे किमती, माल, तारखा यांत ते काटेकोर असत. देशातल्या अंतर्भागातील राजकारण मात्र त्यांना हेरांकडून आणि बाजारातल्या बातम्यांवरून कळे. आणि शिवाजीराजांच्या निधनाच्या खोट्या वार्ता त्यांच्या पत्रांतून इतक्या वेळा आल्या की खरी वार्ता येऊन पोहोचल्यावरही तिच्यावर विश्वास ठेवणे काहींना जड गेले. एकाच लेखकाच्या एकाच पत्रातला अर्धा मजकूर सोन्याचा आणि अर्धा ऐकीव, असे येथे वारंवार घडते.

या कागदांच्या तारखांविषयी एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. सतराव्या शतकात इंग्रज जुने ज्युलियन कालमापन वापरीत, तर गोव्याच्या पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीसच ग्रेगोरियन पद्धत स्वीकारली होती. परिणामी एकाच दिवशी लिहिलेल्या इंग्रजी आणि पोर्तुगीज पत्रांवर दहा दिवसांच्या अंतराच्या तारखा दिसतात. शिवाय इंग्रजांचे वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे १६६४ च्या जानेवारीतल्या सुरतेच्या लुटीसंबंधीच्या पत्रावर १६६३ हे साल आढळले तर तो लेखनिकाचा प्रमाद समजू नये. पणजीच्या पुराभिलेखागारातील पोर्तुगीज कागदांवर पांडुरंग पिसुर्लेकर यांनी जे आयुष्यभर काम केले ते वाचणाऱ्याला हा दहा दिवसांचा फरक पदोपदी लक्षात ठेवावा लागतो. दोन साधनांत विसंगती दिसली की लगेच एकाला खोटे ठरवण्याआधी दोघांचे पंचांग एक आहे काय, हे पाहावे.

आता मोडी कागदांकडे वळू. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडी रुमालांत बांधलेले लक्षावधी कागद आहेत, आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले त्याला आता नऊ दशके होऊन गेली. सरकारी दफ्तरातला कागद म्हणजे निर्विवाद सत्य, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी कागदाचा प्रकार आधी ओळखावा. करीना किंवा कैफियत म्हणजे वतनाच्या तंट्यात एका पक्षाने आपली बाजू मांडण्यासाठी लिहून दिलेला वृत्तांत. त्यात पूर्वजांचा पराक्रम वाढवून आणि प्रतिपक्षाचा हक्क झाकून लिहिलेला असणे हे स्वाभाविक आहे. महजर म्हणजे गोतसभेपुढे निवाडा होऊन साक्षीदारांच्या नावानिशी झालेला कागद. त्यात दोन्ही बाजू ऐकल्या गेलेल्या असतात, त्यामुळे त्याचे वजन अधिक. ताळेबंद, जमाबंदीचे हिशोब, रोजकीर्द हे कागद कोणाला पटवून देण्यासाठी लिहिलेले नसतात, आणि म्हणूनच इतिहासकाराला ते फार प्रिय असतात. जो कागद पुढच्या पिढीला काही सांगण्यासाठी लिहिलेला नाही, तो पुष्कळदा सर्वांत जास्त सांगून जातो.

वतनाच्या लोभाने बनावट सनदा तयार करण्याचा उद्योग त्या काळीही चालत असे. अशा कागदाची परीक्षा कशी होते याचा एक मासला देतो. जुन्या मराठी पत्रांत अरबी अंकशब्दांनी शुहूर सन लिहीत. ‘इहिदे सबैन व अलफ’ म्हणजे एक, सत्तर आणि हजार, मिळून १०७१. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवून १६७० आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवून १६७१ हे साल येते. आता असे समजा की एखाद्या सनदेवर हे शुहूर सन आहे आणि त्याच कागदावर राज्याभिषेक शकही घातलेला आहे. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी. त्यापूर्वी तो शक अस्तित्वातच नव्हता. कागद कितीही जीर्ण दिसो, त्यावरचा शिक्का कितीही ठसठशीत असो, तो त्या सालचा असू शकत नाही. तो मागाहून केलेली नक्कल असेल आणि नक्कल करणाराने आपल्या काळचा रिवाज त्यात घुसडला असेल, किंवा सगळाच बनाव असेल. या दोहोंतला निर्णय अक्षराचे वळण, कागदाची जात, मायन्याची भाषा आणि शेवटचा मोर्तब पाहून करावा लागतो. खरे जंत्री आणि मोडक जंत्री ही दोन पुस्तके इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या हाताशी नित्य असावीत, ती याचसाठी.

मूळ मोडी वाचता येत नसेल तर छापील वाचनावर विसंबावे लागते, आणि त्यात कमीपणा नाही. परंतु मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे विशेषनामे वाचताना संपादकाचीही फसगत कशी होते हे समजते. शक्य असेल त्याने मोडी शिकावी. काही महिन्यांच्या परिश्रमाने ती वाचता येऊ लागते, आणि त्यानंतर दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची परवशता संपते. हे मी कळकळीने लिहीत आहे, कारण आपल्याकडे दफ्तरखान्यांत न वाचलेले कागद अजून अपार आहेत आणि ते वाचणारे डोळे मात्र दरसाल कमी होत आहेत.

विद्यार्थ्यांच्या लेखनात सर्वांत अधिक आढळणारा दोष मात्र याहून साधा आहे. दहा पुस्तकांत एकच गोष्ट आढळली म्हणजे तिला दहा पुरावे मिळाले, असे ते धरून चालतात. त्या दहांपैकी नऊ पुस्तकांनी ती गोष्ट दहाव्यातून उचललेली असेल तर पुरावा एकच राहतो, आणि तो दहावा चुकला असेल तर दहाही चुकतात. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडनला प्रसिद्ध झाला, तो मराठीत भाषांतरित होऊन शाळांत पोहोचला, आणि पुढे बराच काळ त्यातली विधाने एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिली. त्या ग्रंथाचे श्रम थोर होते यात संशय नाही. अफझलखानाच्या वधाच्या प्रसंगी आधी वार कोणी केला, यासारख्या प्रश्नात मात्र त्याने मोगली बाजूच्या खाफीखानाच्या कथनाकडे कल दिला. तो खाफीखान घटनेनंतर सुमारे सात दशकांनी लिहीत होता. ग्रँट डफवर विसंबलेल्या पन्नास लेखकांना पन्नास साक्षीदार समजणे म्हणजे एका खाफीखानाला पन्नास वेळा साक्षीला उभे करणे होय. विद्यार्थ्यांना उत्साह वाटावा म्हणून येथे सांगतो की ग्रँट डफच्या ग्रंथाची मराठीतली पहिली परखड चिकित्सा एका विद्यार्थ्यानेच केली: नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी डेक्कन कॉलेजात शिकत असताना ती लिहिली, आणि १८६८ च्या सुमारास ती ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून लोकांपुढे आली. वयाने लहान असल्यामुळे मोठ्या ग्रंथाला प्रश्न विचारण्याचा अधिकार जात नाही; फक्त प्रश्न पुराव्यानिशी विचारावा लागतो.

म्हणून एखादे विधान हाती आले की त्याचा माग उलट दिशेने काढीत जावे. लेखकाने तळटीप दिली आहे काय? दिली असेल तर ती मूळ कागदाची आहे की दुसऱ्या पुस्तकाची? दुसऱ्या पुस्तकाची असेल तर ते पुस्तक उघडून त्यातली तळटीप पाहावी. असे तीनचार पायऱ्या मागे गेल्यावर एक तर अस्सल कागद हाती लागतो, किंवा मग धागा तुटतो आणि अमुक गोष्ट प्रसिद्धच आहे, असे म्हणून कोणीतरी ती प्रथम लिहून ठेवलेली दिसते. धागा तुटला त्या ठिकाणाची नोंद करून ठेवणे हेही संशोधनच आहे. केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली निघालेला मराठी विश्वकोश, किंवा संगणकावरील मुक्त ज्ञानकोश यांचा उपयोग विषयाची रूपरेषा कळण्यासाठी आणि शेवटच्या संदर्भांपर्यंत पोहोचण्यासाठी अवश्य करावा. मात्र केतकरांचा ज्ञानकोश १९२० ते १९२७ या काळात सिद्ध झाला हे विसरून त्यातला मजकूर आजचा म्हणून उतरू नये. त्यानंतर सापडलेले कागद त्यात असणे शक्यच नाही.

आपल्याच गावाचा किंवा पेठेचा इतिहास हा विषय अनेक महाविद्यालयांत प्रकल्प म्हणून दिला जातो, आणि तो उत्तम विषय आहे. तेथे पहिला आधार बहुधा मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा घेतला जातो. पुण्याचा खंड १८८५ साली निघाला. लोकसंख्या, बाजार, पिके, रस्ते यांविषयीची त्या काळची माहिती त्यात चांगली आहे, पण गावाच्या नावाची व्युत्पत्ती किंवा देवळाची स्थापना यांविषयी तेथे दिलेली कथा ही पुष्कळदा स्थानिक अधिकाऱ्याने गावकऱ्यांकडून ऐकून वर पाठवलेली असते. गंमत अशी की आज गावातला वृद्ध पुजारी तीच कथा सांगतो आणि विद्यार्थ्याला वाटते की दोन स्वतंत्र साधने जुळली. तो पुजारी किंवा त्याचे वडील ती कथा शाळेच्या पुस्तकातून, म्हणजे मुळात गॅझेटियरातूनच, शिकलेले नाहीत ना, हे विचारून घ्यावे.

वृद्धांच्या आठवणी हे स्वतः मोठे धन आहे. ते गोळा करताना काय विचारावे याला महत्त्व आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला. त्या दिवशी नदीकाठच्या पेठेत राहणाऱ्या आजींना आपल्या वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढले, घरातले कोण कोठे गेले, कोणती भांडी वाहून गेली, आसरा कोणी दिला, हे विचारले तर त्या जे सांगतील ते कोणत्याही सरकारी अहवालात मिळणार नाही. धरण कोणाच्या दोषामुळे फुटले आणि एकंदर किती माणसे दगावली, हे त्यांना विचारणे अन्यायाचे होईल. त्या जे उत्तर देतील ते त्यांनी पुढे वर्तमानपत्रांत वाचलेले किंवा शेजारी ऐकलेले असेल. पुराच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला आकडाही तात्पुरता समजावा आणि पुढच्या आठवड्यांतील अंकांशी ताडून पाहावा. चौकशीचे अहवाल वाचताना, ज्या खात्याच्या कारभाराची चौकशी चालली आहे त्याच खात्याने त्यातली किती माहिती पुरवली, इकडे लक्ष ठेवावे.

अलीकडे एक नवेच संकट उभे राहिले आहे. प्रश्न टाकला की क्षणार्धात सुबक मराठीत उत्तर तयार करून देणारी संगणकीय साधने विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. त्यांची भाषा शुद्ध असते, मांडणी नीटस असते आणि स्वरात कोठेही शंका नसते. मागितले तर ती ग्रंथांची नावे, लेखक, प्रकाशनवर्षे आणि पृष्ठांकही देतात. त्यांतली काही नावे खरी असतात, आणि काही ग्रंथ कोणी कधी लिहिलेलेच नसतात. ज्याला विषयाची थोडी माहिती आहे त्याला हे ओळखता येते. नवख्याला येत नाही, आणि त्यालाच या साधनांचा मोह अधिक पडतो. येथे उपाय एकच: यंत्राने सांगितलेला प्रत्येक ग्रंथ ग्रंथालयाच्या सूचीत शोधावा, सापडला तर ते पान उघडावे, त्या पानावर ते विधान खरोखर आहे याची खातरजमा करावी, आणि यांपैकी एखादी गोष्ट जरी झाली नाही तरी तो संदर्भ प्रबंधात घालू नये. जो ग्रंथ आपण पाहिला नाही त्याचे नाव संदर्भसूचीत लिहिणे हा यंत्र येण्यापूर्वीही अप्रामाणिकपणाच होता. सूची जितकी लांब तितके गुण अधिक, ही समजूत जेथे रुजली आहे तेथील शिक्षकांनीही या बाबतीत आपली जबाबदारी ओळखावी अशी माझी विनंती आहे.

टिपणे कशी काढावीत याविषयी थोडक्यात. प्रत्येक टिपणावर ग्रंथाचे नाव, आवृत्ती, साल व पृष्ठांक लिहावा. शब्दशः उतरलेला मजकूर अवतरणात ठेवावा आणि स्वतःच्या शब्दांतला निराळा ठेवावा. आणि टिपणाच्या कडेला एका ओळीत, हे सांगणारा कोण, त्याला हे कसे कळले आणि घटनेनंतर किती काळाने तो लिहीत आहे, एवढे नोंदवावे. सहा महिन्यांनी प्रबंध लिहावयास बसल्यावर या एका ओळीचे मोल कळते.

साधने एकमेकांशी भांडत असतील तर त्यांचे भांडण दडपून एकच गुळगुळीत वाक्य लिहू नये. “शके १५४९ हे साल बखरींत आणि परंपरेत येते, शके १५५१ हे जेधे शकावलीत आणि शिवभारतात येते, आणि तिथीवारांचा मेळ दुसऱ्या पक्षाला अनुकूल असल्यामुळे प्रस्तुत प्रबंधात तो पक्ष स्वीकारला आहे” असे लिहिण्यास फार तर तीन ओळी अधिक लागतात, परंतु वाचणाऱ्याला आपला निर्णय तपासण्याची आणि वाटल्यास नाकारण्याची सोय मिळते. मूळ कागद स्वतः पाहिला नसेल आणि तो दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतला असेल, तर तळटीपेत तसे स्पष्ट नमूद करून त्या दुसऱ्या ग्रंथाचा पृष्ठांक द्यावा. आणि जेथे पुरावा पुरेसा नाही तेथे “या मुद्द्याचा निर्णय उपलब्ध साधनांवरून करता येत नाही” असे लिहावयास कचरू नये. परीक्षक जाणता असेल तर या वाक्याला तो गुण कापणार नाही.